पिवळी पावडर

साल ब्याऐंशीचं. जनावरांचा डॉक्टर निसार मुल्लाणी एका महिन्यात तिसऱ्यांदा कसबा बावड्याला जोतीरामच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये उभा होता आणि तिसऱ्यांदा तेच बघत होता. पंख गाळून कोपऱ्यात दाटीनं बसलेल्या कोंबड्या, खाली पांढरी पातळ घाण, दाराशी पोत्यावर मेलेल्या अकरा.

“ती पिवळी औषधी पावडर कधीपासून देताय, दादा?”

“पिल्लं आणल्यापास्नं. रोज सकाळी पाण्यात एक चमचा. एक दिस चुकवला न्हाय बघा.” जोतीरामच्या आवाजात अभिमान होता.

“आजारी नसताना?”

“आजारी पडू नयेत म्हणून तर.”

निसारनं कपाळाला हात लावला. मग समजावायला बसला. “रोज औषध पाजलं की कच्चे जंतू मरतात, दांडगे तेवढे उरतात. पुढं त्यांचीच पैदास. तुमची पावडर आता त्यांना चहातल्या साखरेसारखी झालीय.”

जोतीरामनं मन लावून ऐकलं. “म्हंजे दोन चमचं टाकू?”

निसार उठला. मेलेल्यांतल्या दोन कोंबड्या त्यानं तपासणीला पाठवायला घेतल्या आणि बजावून सांगितलं, “निकाल येईपर्यंत एकही पक्षी बाहेर जायचा न्हाय. अंडंसुद्धा न्हाय.”

“न्हाय जायाचं,” जोतीराम म्हणाला.

निकाल यायला नऊ दिवस लागले. जंतू साल्मोनेला निघाला, कोंबड्यांतून माणसालाही बाधणारा. काचेच्या ताटलीत तो वाढवून वर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं कडं पडतं. इथं पावडरीतल्या औषधासकट तीन औषधांभोवती कडंच नव्हतं, जंतू पार चकतीला भिडलेले. कागद घेऊन निसार बावड्याला पोचला, तर शेड निम्मं रिकामं.

“कोंबड्या कुठायत?”

“कोंबडीवाला पिराजी घिऊन गेला मुरगूडच्या बाजाराला. मराय लागल्या हुत्या, डॉक्टर. त्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेल्या.”

निसारनं मोटारसायकलला लाथ मारली. मुरगूडला पोचेपर्यंत बाजार मोडत आला होता. पिराजी रिकाम्या पाट्या एकात एक घालत होता. कुणी नेल्या, असं विचारल्यावर त्यानं हात वर केले. “बाजारात कोण नाव लिहून देतंय व्हय? कुणी कापाय नेल्या, कुणी पाळाय. चांगल्या हुत्या की, नुसत्या जरा झोपाळू.”

पंधरवड्यानं मुरगूडहून निरोप आला. बायडाबाई नावाच्या बाईनं त्या बाजारातनं दोन कोंबड्या पाळायला नेल्या होत्या. तिच्या घरच्या बारा कोंबड्या मेल्या होत्या आणि सून जुलाब नि तापानं कोल्हापूरच्या दवाखान्यात होती. निसारनं तिथल्या डॉक्टरांना गाठलं. तोच जंतू, आणि तीच तिन्ही औषधं निकामी. चौथं मुंबईहून मागवावं लागलं, तेव्हा कुठं ताप उतरला.

तिथून तो थेट बावड्याला गेला. सगळा राग त्यानं जोतीरामवर काढला. जोतीराम खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “पर तुम्हीच सांगितलं हुतं की. चार वर्सामागं, चावडीम्होरं. पिल्लं आली की पाण्यात पावडर टाका म्हणून.”

निसारला ती चावडी आठवली. सांगितलं होतं. पाच दिवस, असं सांगितलं होतं. पण शेजारी पावडर विकणारा माणूस फुकट डबे वाटत उभा होता, आणि त्या गलक्यात पाच दिवस कुणाच्या कानावर गेले, कुणाच्या नाही, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पुन्हा त्यासाठी तो या गावात आलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून खड्डा काढला. उरलेल्या कोंबड्या मारून चुन्यात पुरल्या. जोतीरामच्या बायकोनं, चिमणाबाईनं, शेड धुऊन काढलं.

सून घरी आल्याचं कळल्यावर निसार आणि जोतीराम मुरगूडला गेले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, गालाची हाडं वर आलेली. जोतीराम उंबऱ्यातच उभा राहिला. “माझ्या कोंबड्या हुत्या त्या, आक्का.”

“ठावं हाय मला,” बायडाबाई म्हणाली. “च्या घ्या आणि जावा.”

त्यांनी चहा घेतला आणि निघाले. कागल आलं. मागं बसलेला जोतीराम निसारच्या कानाशी वाकून म्हणाला, “डॉक्टर, ठरवलं. घरात पावडरीचं तीन डबं हाईत. आज गेल्या गेल्या हिरीत वततो सगळं.”

निसारनं गाडी रस्त्याकडेला घेतली, बंद केली, स्टँडवर लावली.

“दादा, खाली उतरा,” तो म्हणाला. “त्या विहिरीचं पाणी कोण कोण पितं, ते आधी सांगा मला.”