दूधमावशीच्या दोन वाट्या

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चारही मजल्यांवरच्या बाया आमच्या दारात टाचा उंचावून उभ्या होत्या, आणि आत बाळंतिणींचं दूध पारखणारी दूधमावशी हात नाचवत गात होती, "दूध पांढरं, भूत काळं, वाटी दाखवी कुणाचं जाळं!"

डाव्या वाटीत शेजारणीचं दूध, उजवीत माझ्या वहिनीचं. मावशीने दोन्हींत चिमूटभर पूड टाकली. डावं दूध पिवळं झालं. उजवं लालभडक!

"अगं बाई!" सगळा जिना एका सुरात ओरडला.

"हिच्या दुधात हडळ बसलीय. एकवीस दिवस बाळ छातीला लावायचं नाही. हिला एकटीला कोंडून ठेवा."

वहिनीला बाळंत होऊन पाच आठवडे झाले होते. झोप नाही, घास नाही. मूल मांडीवर, पण मांडी जणू दुसऱ्याच कुणाची. सातव्या महिन्यापासूनच तिचे डोळे भरून यायचे. आम्ही म्हणायचो, पहिलटकरीण आहे, होईल ठीक. लाल वाटीकडे बघत ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच. मी नसले तर बाळ वाचेल."

माझं डोकं भणाणलं. या बाईला आता सुखासुखी जाऊ द्यायचं नाही.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. मावशीच्या पिशवीतून मी एक कोरी वाटी उचलली आणि ओलं बोट आतून फिरवलं. बोट बुळबुळलं.

"हात लावू नकोस, पोरी! कोप होईल!"

"होऊ दे. माझ्यावर घेते."

"गप बस, अवदसे!" आई ओरडली. मावशीला तिनेच बोलावलं होतं.

मी त्याच वाटीत शेजारणीचं उरलेलं दूध ओतलं आणि वर पूड टाकली. लाल! शेजारीण किंचाळली. पिशवीतल्या आणखी एका बुळबुळीत वाटीत नळाचं पाणी घेऊन पूड टाकली. तेही लाल.

"नळातही हडळ शिरली वाटतं," मी म्हटलं. जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं.

मावशी उठू लागली. मी तिचं मनगट धरलं आणि वाटीतल्या पाण्याने तिची पिवळी बोटं खसाखसा चोळली. बोटं सगळ्यांदेखत लाल झाली.

"बघा गं, हडळ कुठे बसलीय ते!"

पूड म्हणजे हळद. काही वाट्यांना आतून धुण्याचा सोडा लावून वाळवलेला, बाकीच्या स्वच्छ. हळदीच्या डागाला सोडा लागला की तो लाल होतो. त्या जिन्यातल्या प्रत्येकीने हे आपल्याच मोरीत शंभरदा पाहिलं होतं, पण वाटीत दिसलं तेव्हा हात जोडले.

"चुकले गं ताई," मावशी रडू लागली.

"माझे पाय नको धरूस. तिचे धर." धरले तिने. तरी मी दाराला कडी घातली आणि पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत तिने आणखी कुठल्या कुठल्या बाळंतिणी कोंडायला लावल्या, ते एकेक घर तिच्या तोंडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक घरी कोंडलेली दारं उघडायला मी स्वतः गेले. मला तिची दया आली नाही, आजही येत नाही.

वाट्या लाल झाल्या त्याच दुपारी वहिनीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. पुष्कळ जणींना होतो आणि बरा होतो." औषध सुरू झालं, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. बाळाला आम्ही आळीपाळीने सांभाळलं, तिला झोपू दिलं. तिसऱ्या महिन्यात ती बाळाशी आपणहून बोलली.

गरोदर बाई किंवा बाळंतीण सारखी रडत असेल तर तिच्याजवळ बसा. विचारा: झोप लागते का? जगावंसं वाटतं का? उत्तर ऐकून तुम्हाला काळजी वाटली तर तिला एकटी सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.