मेजावरचा पाव

पाव मेजावर ठेवला आणि जागेवर येऊन बसायचं सोडून आमचे हे सरळ दाराकडे चालू लागले. चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव वाटून खायची वेळ, सगळी मंडळी गप्प, आणि हा माणूस भर उपासनेतून बाहेर. पुढच्या बाकावरच्या मास्तरीणबाईंनी वळून माझ्याकडे भुवया उडवल्या. मला काय ठाऊक! पर्स काखेत मारून मी मागोमाग निघाले.

आमची बेकरी आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा पाव हे स्वतः भाजतात, आणि त्या दिवशी घरात कुणाला शिंकायचीही सोय नसते. आधी प्रार्थना, मग पीठ. भट्टीपाशी बोलायचं नाही, हसायचं नाही. त्या पावाला नाव ठेवायची तर कुणाची बिशाद! एकदा मी नुसतं म्हटलं, मीठ कमी वाटतंय, तर दोन दिवस अबोला. देवाचं भय ह्यांच्याकडून शिकावं, असं पाळकसाहेब सगळ्यांना सांगायचे. मला ते ऐकून चीड यायची. कारण ह्याच माणसानं सख्ख्या थोरल्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं.

वन्सं नर्स. सासूबाई गेल्या तेव्हा त्या ड्यूटीवर होत्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी आईच्या उशाशी. मातीला धावतपळत आल्या, तर ह्यांनी चारचौघांत विचारलं, आता कशाला आलीस? त्या तशाच माघारी फिरल्या. त्याला वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी ना आमच्या घराची पायरी चढली, ना चर्चची. मी ह्यांना कितीदा म्हटलं, देवापुढे एवढी वाकणारी कंबर बहिणीच्या दारातच कशी आखडते? उत्तर एकच, तू मध्ये पडू नकोस.

त्या सकाळी पाळकसाहेबांनी बायबलमधून वाचलं ते एवढंच. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. लहानपणापासून ऐकत आलोय आम्ही हे. पण त्या दिवशी ऐकताना ह्यांच्या हातात खरंच पाव होता.

रस्त्यात मी म्हटलं, निदान उपासना तरी संपू द्यायची.

"आधी जा, असं सांगितलंय ना," हे न थांबता म्हणाले. "मग आधीच."

वन्सं रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर युनिफॉर्म तसाच. दार उघडून उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. चर्चमध्ये लांबलचक प्रार्थना करणारे हे एवढंच बोलले.

"ताई, तू ड्यूटीवर होतीस हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. तरी बोललो. माझं चुकलं."

वन्संचा हात दारावरच होता. त्यांनी दार लावून घेतलं असतं, तर हे पुन्हा इकडे फिरकले नसते.

"मला अजून तुझा राग आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे. रागासकट चल. मंडळी खोळंबलीय."

वन्संनी ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाळकसाहेब गीतामागून गीत म्हणवून घेत होते आणि लोकांचे घसे बसायला आले होते. कुणी काही विचारलं नाही. मास्तरीणबाईंनी तेवढे पाय आत ओढून आम्हाला वाट करून दिली. इतका वेळ उघडा राहून पाव कडेनं कडक झाला होता. एरवी असला पाव ह्यांनी कुणाच्या नजरेलाही पडू दिला नसता.

ताट आमच्या बाकापर्यंत आलं. ह्यांनी ते आधी वन्संपुढे धरलं. त्यांनी तुकडा घेतला, डोळे मिटले, सावकाश खाल्ला. गालावर पाणी ओघळलं, ते पुसलं नाही. मग ह्यांच्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ कमी आहे."



"हो, ताई," हे म्हणाले.