अप्पांसाठी कुत्रं

अप्पांसाठी कुत्रं घ्यायची टूम मल्लिनाथने काढली. आम्ही तिघं भावंडं. मी, दानेश्वरी, सगळ्यांत थोरली, सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, लग्न न झालेली. मल्लिनाथ पुण्यात, वैजयंती हैदराबादला. आणि आई, आमची अव्वा, गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, अप्पा गावाकडे वळसंगच्या घरात एकटे. मल्लिनाथने ग्रुपवर एका तांबूस पिल्लाचा फोटो टाकला आणि लिहिलं, तिघांनी मिळून पैसे घालू, अप्पांना सोबत होईल. वैजयंतीने लगेच पाच बदाम पाठवले. तीन वर्षांत या दोघांनी अप्पांपाशी सलग चार दिवस काढले नव्हते, पण पिल्लाचं नावसुद्धा ठरवून मोकळे झाले.

मी काहीच लिहिलं नाही, तेव्हा मल्लिनाथचा फोन आला.

"अक्का, तुझ्यासाठीच म्हणतोय. दर रविवारची तुझी फरफट थांबेल की."

फरफट हा शब्द माझाच. दर सोमवारी मी दोघांना ऐकवायचे, एसटीत उभं राहावं लागतं, कंबर धरते, तुम्हाला काय, लांब राहून मोकळे. टोमणे मारण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. पण खरं सांगते, शनिवारी संध्याकाळी पिशवी भरताना जितकं बरं वाटायचं, तितकं आठवडाभर वाटायचं नाही. जुळे सोलापूर भागातल्या माझ्या खोलीत कुकरची शिट्टी सोडली तर आवाज म्हणून नाही. रविवार गेला तर माझ्याकडे उरणार काय होतं? पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने धाकट्या भावाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"अप्पांना विचारते," एवढंच म्हणाले. अप्पा नकोच म्हणणार, याची मला खात्री होती.

रविवारी जेवताना विषय काढला. मुद्दाम जरा चढवूनच बोलले, "कुत्रं आलं की मी काही दर रविवारी यायची नाही. बघा हं."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मग मी मठात जाईन की. दासोहाला."

आमच्या मठात दर रविवारी दुपारी दासोह असतो, सगळ्या गावाची पंगत बसते. माझ्या लहानपणापासून अप्पा तिथे बादली घेऊन हुग्गी वाढायचे. गव्हाची ती खीर वाढताना प्रत्येकाला आग्रह, प्रत्येकाची चौकशी. अव्वा गेल्यावर ते बंद झालं. मी समजले, मन उडालं असेल.

"तुम्ही सोडलं होतं ना ते?"

"सोडतो कशाला? तू येतीस की रविवारी." अप्पा अगदी सहज बोलत होते. "मठातला मडिवाळप्पा दर आठवड्याला बोलवायला येतो. मी म्हनतो, लेक येती. एकटी पोर, सुट्टीच्या दिवशी दुसरं कुटं जाणार? म्हून थांबतो."

बापाला सोबत करते म्हणून तीन वर्षं मी जगाला सांगत फिरत होते, आणि हा माणूस भरली पंगत सोडून माझ्यासमोर भात कालवत बसत होता. मला लाज वाटली. रागही आला, कुणाचा ते कळेना.

"मग जात जा की," मी म्हणाले. "मलाही रविवारी कामं असतात."

"खरं?" अप्पांचा चेहरा इतका खुलला की मी ताटात बघायला लागले. "मग कुत्रं कशाला? मी काय एकटा न्हाय. त्या दोघांना सांग, पैसे ऱ्हाऊ द्या."

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मी ग्रुपवर लिहिलं, अप्पांना कुत्रं नको. पण आपण घेऊ या. माझ्याकडे राहील.

कुंभारी गाव मागे पडल्यावर मल्लिनाथचा फोन आला.

"अक्का, चेष्टा करतीस काय? तुला कशाला कुत्रं? ऑफिसच्या दिवशी घरमालकीण बघेल एक वेळ. पण रविवारी तू वळसंगला. तेव्हा त्याला बघणार कोण?"

"मीच. यापुढे रविवारी मी घरीच असणार."

"का? काय झालं?"

काहीतरी खोचक बोलायची सवय तोंडाशी आली होती. पण आलं ते दुसरंच.

"मला एकटीला करमत नाही रे, मल्लू," मी म्हणाले. इतक्या मोठ्यांदा, की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.