पाचव्या मोज्यातली बाटली

मी डबा बोलतोय. थुंकायचा. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे मला पुढचं सावकाश सांगता येईल. घाई मला कधी जमली नाही.

जन्मलो तो मात्र दुधासाठी. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे गुरं समुद्राकडे पाठ करूनच उभी राहतात एवढा वारा, तिथल्या क्लेम हॉस्किंगच्या गोठ्यातला मी दुधाचा डबा. जाड पत्रा, आतून कल्हई, वर एक कडी. क्लेम गाईच्या कुशीला कपाळ टेकून धार काढायचा. पहिली धार माझ्या रिकाम्या तळावर टण्णकन वाजायची आणि दूध चढेल तसा आवाज जाड होत जायचा. त्याची बायको डल्सी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकून सांगायची, "बिडी गाय आज चुळबुळ करतेय. धार तुटतेय बघ." काम संपलं की ती मला उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात उपडा ठेवायची. कुणी माझ्यात बोट बुडवलं तर त्या बोटावर चापटी बसायची. असा मान होता.

मग गाई गेल्या. क्लेमने समुद्राकडच्या उतारावर द्राक्षं लावली, पांढऱ्या वाइनची, शार्डोने नावाची. शेजारी कुंपणाला टेकून हसायचे, "क्लेम, इथे डोक्यावर टोपी टिकत नाही, वेलीवर द्राक्षं टिकतील होय?" टिकली. उशिरा पिकायची, थोडीच यायची, पण टिकली. क्लेमच टिकला नाही. त्याची मुलगी नेरिडा आता वाइन करते आणि गोठ्याची झाली आहे वाइन चाखायची खोली. एक दिवस तिने मला माळ्यावरून काढलं, ठोकून बघितलं, म्हणाली, "हा चालेल. मजबूत आहे." मला वाटलं, आले जुने दिवस. तिने मला टेबलावर ठेवलं आणि पहिलाच पाहुणा वाकून माझ्यात थुंकला.

शी! आठवलं तरी पत्र्यावर काटा येतो.

रीतच आहे म्हणतात. पाच-सहा वाइन चाखायच्या तर घोट तोंडात घोळवायचा आणि टाकायचा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं. असेल रीत. पण माझ्यात काय काय येतं ते ऐका. लाळेच्या तारा. चावलेल्या चीजचा चोथा. ओठांची लाली. एकाने तर दातात अडकलेलं मांस वाइनने चूळ भरून सोडवलं, माझ्यात टाकलं आणि वर म्हणाला, "वा, काय लिंबाचा सुवास आहे!" लोक बाटली बर्फगार मागतात. त्या गारठ्यात वास उठतच नाही, मग नसलेल्या वासांची नावं घेत बसतात. एक बाई डोळे मिटून म्हणाली, "मला ह्यात समुद्र लागतोय." खिडकी उघडी होती.

दिवस कलला की हे सगळं कोमट होऊन माझ्या पोटात आंबतं. उकळतं पाणी आता नाही. नळाखाली एकदा विसळलं की झालं. मी कुणावर रागावणारा नाही, पण किळस येते ती येतेच.

आता त्या शनिवारचं सांगतो. नेरिडाचा भाऊ गार्थ उताराच्या मागे लागला होता. त्याला वेली उपटून तिथे समुद्र दिसणाऱ्या खोल्या बांधायच्या होत्या, सुट्टीला येणाऱ्यांसाठी. बहीणभावात रोज तेच. शेवटी ठरलं की मेलबर्नचा प्राउट येतोय, मोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडणारा. त्याने उतारावरची वाइन घेतली तर वेली राहतील, नाही तर जातील. गार्थने ट्रॅक्टरला साखळी अडकवूनच ठेवली.

नेरिडाने पाच बाटल्या तासभर आधी फ्रिजमधून काढल्या. लेबलं दिसू नयेत म्हणून प्रत्येकीला क्लेमचा एकेक लोकरी मोजा चढवला. चार वर नंतर लावलेल्या मळ्यातल्या, पाचवी उताराची.

"मोजे धुतलेले आहेत ना?" प्राउटने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचे आहेत," डल्सी मोरीपाशी बसून म्हणाली. ती आता त्र्याऐंशीची. डोळे जवळजवळ गेलेत, ग्लास धुते ते बोटांनी चाचपून. "तो असताना कधी स्वच्छ निघाले नाहीत. गेल्यावर धुतले."

"आई, गप्प बस गं!"

प्राउट हसला. "मला गाडी घेऊन बोट गाठायची आहे. एक थेंब गिळणार नाही हं."

थुंकण्यात तो पटाईत. हातभर लांबून बारीक, सरळ धार, आणि त्याचा कोण अभिमान! टण्ण. क्लेमच्या धारेसारखीच वाजली. "पीच," तो म्हणाला. दुसरी. टण्ण. "काजू. जरासं लोणी." तिसरी, चौथी. तोच आवाज, तीच बडबड.

पाचवी त्याने हुंगली. "आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतोय."

"जरा हातात धरून ठेवा," नेरिडा म्हणाली. "तिला वेळ लागतो."

त्याने ग्लास तळव्यात धरला, फिरवला, पुन्हा हुंगला. घोट घेतला. आणि पहिल्यांदाच बोलायचा थांबला. खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. मोज्यातली बाटली स्वतःच उचलून आणखी ओतली, तीही संपवली. नेरिडा अंगठ्याचं नख कुरतडत होती. मग त्याने तोंड पुसलं, वही काढली आणि लिहिता लिहिता म्हणाला, "आंबट आहे. अंगात मांस नाही. आमच्याकडे लोकांना लोण्यासारखी लागते. ही नाही चालायची."

नेरिडाने बाटलीवरचा मोजा सरळ केला.

"झालं तर मग," गार्थ दारातून म्हणाला. "जेवण झालं की लागतो कामाला."

"थांब रे," डल्सी म्हणाली. "अहो प्राउट, पाचवी कुठे थुंकलात?"

"डब्यातच की, आजी."

"नाही हो. डबा चार वेळा वाजला. चाळीस वर्षं ऐकलाय मी त्याला. पाचवीला वाजला नाही. पुन्हा ओतलीत, तेव्हाही नाही. खाली थुंकला असाल तर सांगा, फडकं आणते."

प्राउटने ग्लासात पाहिलं. रिकामा. त्याचे कान लाल झाले.

"गिळली," तो हळूच म्हणाला. "दोन्ही वेळा. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग नाही कशाला म्हणालात?"

"लोकांना काय आवडेल तेच सांगायची सवय लागलीय, आजी. मला काय आवडलं ते कुणी विचारत नाही."

"मी विचारते."

त्याने वहीतली ओळ खोडली. बराच वेळ खोडत होता. "घेतो," म्हणाला. "हॉटेलवाल्यांना मी समजावीन. सगळी घेतो."

"आता म्हातारीच्या कानावर मळा चालवायचा का?" गार्थ फणफणला.

"साखळी सोड," डल्सी म्हणाली, "आणि चहा टाक. पिऊन गाडी चालवायची नाही, ह्यांची बोट चुकली आज."

त्या दुपारी डल्सीने मला उकळत्या पाण्याने धुतलं. आत हात घालून तळ चाचपला, म्हणाली, "दुधाचं बरं होतं रे तुझं." दुसऱ्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड आलं आणि माझ्यात पुन्हा चीज, लाली आणि एक चघळलेलं च्युइंग गम. म्हणजे सुधारलं असं काही नाही. किळस आहे तशीच आहे.

तुम्ही इकडे आलात तर माझ्यात टाकायचं ते टाका. नको म्हणणारा मी कोण? फक्त तोंडातलं खाणं आधी गिळा.

आणि उतारावरची वाइन कशी लागते, ते मला विचारू नका. ह्या खोलीतली बाकी प्रत्येक वाइन मी दुसऱ्याच्या तोंडून उष्टी चाखलीय. ही कुणी माझ्यापर्यंत येऊच दिली नाही. कुणी तो ग्लास ओठाला लावला की मोरीपाशी डल्सीचे हात थांबतात आणि मीही कान देतो.

अजून वाजलेलो नाही.