शेतातला लोखंडी क्रूस

शेत विकायचं ठरलं तेव्हा स्टेफ्कानं भावाला एकच अट घातली. आजीला तिथून हलवायचं.

ओरेस्टची हरकत नव्हती. त्याचे गुडघे कामातून गेले होते, मुलगा कॅल्गरीत नोकरीला होता आणि तो गव्हाच्या नावानंही तोंड वाकडं करायचा. घेणारा वेड ओस्टलुंड शेजारचाच होता. तो म्हणाला, "माझं खोदाईचं यंत्र आहे. कापणी आटोपली की, जमीन गोठायच्या आत उरकून टाकू."

आजी, म्हणजे येव्दोखा, समुद्रापलीकडच्या गालिसिया प्रांतातून इथं आली आणि पहिल्याच हिवाळ्यात गेली. झोरिया वस्तीत तेव्हा जेमतेम सात-आठ घरं होती. चर्च नव्हतं, दफनभूमीही नव्हती. आजोबांनी शेतात शेकोटी पेटवून जमीन मऊ केली, तिथंच तिला पुरलं आणि गाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून तिचा क्रूस रोवला. तो क्रूस अजून उभा होता. ईस्टर झाल्यावर स्टेफ्का दरवर्षी तिथं जायची, रंगवलेली अंडी आणि गोड पाव ठेवायची, जरा वेळ उभी राहायची. शहरात नर्सची नोकरी करत होती तेव्हासुद्धा तिनं हे चुकवलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी चौघं शेतात जमली. फादर मार्कियन अस्थींसाठी नवी कोरी पेटी घेऊन आले होते. वेडनं क्रूस उपटून बाजूला ठेवला आणि काम सुरू केलं. वरची काळी माती गेली. खाली पिवळट चिकणमाती लागली, दगडासारखी घट्ट. वेड यंत्रावरून उतरला, खड्ड्यात शिरला आणि फावड्यानं कड खरवडून बघू लागला.

"इथं कुणी कधी खणलेलंच नाही," तो म्हणाला.

"आणखी खाली जा," स्टेफ्का म्हणाली.

"बाई, एकदा खणलेली माती अशी थरावर थर राहत नाही. ही आहे तश्शीच आहे, देवानं ठेवलेली."

त्यानं दोन्ही बाजूंना खड्डा वाढवून पाहिला. काही नाही. स्टेफ्का ओरेस्टकडे वळली. तो क्रूसाकडे बघत उभा होता.

"काय रे?"

"काही नाही. म्हणजे... हा क्रूस आपला तात दर वसंतात काढायचा ना. पेरणीच्या वेळी मध्ये यायचा. मीच धरायचो. कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवायचो आणि कापणी झाली की परत रोवायचो."

"दर वर्षी?"

"तूच सांग, घोडे असताना वळसा घालता यायचा. ट्रॅक्टर आल्यावर कोण घालतंय?"

"परत त्याच जागी रोवायचात?"

ओरेस्टनं टोपी मागं सारली. "त्याच जागी म्हणजे... तिथंच कुठंतरी. एखादं पाऊल इकडं, एखादं पाऊल तिकडं."

"इतकी वर्षं!" स्टेफ्का म्हणाली. "म्हणजे मी इतकी वर्षं ढेकळांना अंडी भरवतेय!"

"कावळे खायचे," ओरेस्ट म्हणाला. "वाया नाही गेली."

वेडनं तोंड फिरवलं. फादर खोकले आणि म्हणाले, या शेतातली मूठभर माती पेटीत घालून प्रार्थना करता येईल, देवाला ते चालतं.

"माती माझ्या बुटांनाही लागलीय, फादर. तेवढ्यासाठी पेटी कशाला?"

ती गाडीत जाऊन बसली. भावावर ती भडकली होती, पण त्याहून जास्त बापावर. तात, म्हणजे गाव्रिलो, सात वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि हा माणूस तिच्यावरून नांगर फिरवत राहिला. घरात त्यानं आईचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

थोड्या वेळानं ओरेस्टनं काच ठोठावली.

"एक आठवलं. तात टोपी कधी काढायचा, सांग?"

"जेवताना. चर्चमध्ये."

"आणि पेरताना. तळ्याकडून वळलं की सरळ जाताना एका जागी टोपी काढायचा, पुढं गेला की घालायचा. मला वाटायचं, घाम पुसतोय. पण मे महिन्यात घाम कसला? कानाला वारा झोंबायचा नुसता."

"जागा दाखवशील?"

दाखवता दाखवता ओरेस्ट बराच चालला, थांबला, मागं आला. क्रूसापासून ती जागा चांगली लांब होती. वेडनं यंत्र आणलं आणि साय काढावी तशी माती हलकेच खरवडायला लागला. गुडघाभर खोलीवर रंग बदलला. पिवळ्या मातीत काळ्या मातीचा लांबट चौकोन दिसला, आणि त्यात कोळशाचे तुकडे.

"शेकोटीचे," स्टेफ्का म्हणाली. मग हात वर करून ओरडली, "बास! थांबव!"

वेडनं यंत्र बंद केलं. फादरनी विचारलं, "पुढं खणायचं नाही?"

"नको. तातनं तिला इथंच राहू दिली, त्याला जागा ठाऊक होती. आपण कोण हलवणारे?"

फादरनी तिथंच उभं राहून मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. शेवटच्या ओळी स्टेफ्का आणि ओरेस्टनं गाऊन साथ दिली. त्याचा आवाज फाटका होता, तिचा बसलेला. मग वेडनं माती परत लोटली. क्रूस चर्चच्या आवारात आईवडिलांच्या कबरींशेजारी रोवायचं ठरलं. इथं खूण नको, वेडची पेरणी सरळ जाऊ दे, असं स्टेफ्कानं बजावून सांगितलं.

वेडनं मान हलवली, पण वसंतात ऐकलं नाही. तळ्याकडच्या वळणानंतर त्यानं घरातल्या एका खोलीएवढा तुकडा न पेरता तसाच सोडला. जूनपर्यंत तिथं रानमोहरी कमरेएवढी वाढली.

"बघितलंस?" ओरेस्ट फोनवर चिडून म्हणाला. "रस्त्यावरून दिसतंय. लोक काय म्हणतील? आमच्या शेतात असं तण कधी नव्हतं."

"आता ते आपलं शेत नाही."

"शेत नसेल. आजी तर आपली आहे ना?"

दुसऱ्या दिवशी तो विळा घेऊन, गुडघे सांभाळत, वेडच्या गव्हातून तिथवर गेला. एकट्याला झेपेना, म्हणून संध्याकाळी स्टेफ्काला बोलावून घेतलं.