बारावं पान

क्लबाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याचा इतिहास लिहायचं ठरलं, आणि लिहायला कुणाला बसवलं? मॅनस गॉहनला. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पण हे बिचाऱ्या ऑर्लाला कुठून ठाऊक असणार? ती क्लबाची आताची सेक्रेटरी, इथंच इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत जन्मलेली. "मिस्टर गॉहन, पहिल्या दिवसापासूनचं सगळं आठवणारे तुम्हीच," म्हणाली, आणि फायलींचा गठ्ठा त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून गेली.

सुरुवातीचं त्यानं झरझर लिहिलं. आयर्लंडातल्या एरिसच्या किनाऱ्यावरून बोटीनं आलेली अठरा पोरं, मिसेस टिगच्या बोर्डिंगात एका खोलीत सहा-सहा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की करायचं काय? चेंडू आणला, हातानंही आणि पायानंही खेळायचा तो आपला घरचा फुटबॉल सुरू केला, झाला क्लब. खरं विचाराल तर खेळ हे निमित्त. आठवड्यातून एकदा आपल्या बोलीत मनसोक्त शिव्या देता याव्यात, एवढ्यासाठी माणसं पावसात धावायची.

एकसष्ट साल आलं आणि पेन अडलं.

त्या वर्षी एरिस क्लब फायनलला पोचला होता. सामन्याआधी पंधरा खेळाडूंची यादी रेफरीला द्यायची, आणि ती आयर्लंडात बनलेल्या कागदावरच हवी, असा नियम. कागद उजेडात धरला की आतली छाप दिसली पाहिजे. हसण्यावारी नेऊ नका, त्या छापेपायी भलेभले क्लब आपटलेत. म्हणून सुट्टीला घरी जाणाऱ्याला सगळे बजावायचे, "बेकन विसरलास तरी चालेल, कागद विसरू नकोस." त्या उन्हाळ्यात फेस्टी पॅडन गेला. गावच्या दुकानात बाराच पानं शिल्लक होती. ती सगळी त्यानं आणली आणि सेक्रेटरीच्या हाती दिली. सेक्रेटरी होता मॅनस, आणि संघातही डाव्या कोपऱ्यात खेळायचा. मोसमात फायनल धरून सामने बारा.

फेस्टी म्हणजे मॅनसचा जिवाभावाचा. दोघं एकाच बोटीनं आलेले, वर्षभर एकाच पलंगावर आळीपाळीनं झोपलेले. एक दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला.

फायनलच्या आदल्या शुक्रवारी मॅनसनं खण उघडून शेवटचं पान बाहेर काढलं. सहज नाकाशी नेलं. त्याला दुकानातल्या चुलीचा, घरच्या पीटच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेकळांच्या धुराचा वास होता. झालं! आई डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि हा पठ्ठ्या तिथंच लिहायला बसला. 'आई, या नाताळला येतो. या वेळी परत जाणार नाही. कायमचा येतो.' पाकिटात घातलं, टपालपेटीत टाकूनही आला. मग भानावर आला. जाऊ दे, म्हणाला, रविवारी मैदानावर दुसऱ्या कुठल्या क्लबाकडून पान मागून घेऊ. अरे शहाण्या, फायनलला मैदानावर दुसरा क्लब असतो कोणता? समोरचाच ना!

यादी साध्या इंग्रजी कागदावर गेली. सामना एका गुणानं जिंकला. शेवटचा गुण फेस्टीनंच मारला, पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं. समोरच्यांच्या सेक्रेटरीनं मात्र यादी मागून घेतली आणि आभाळाकडे धरली. छाप नव्हती. आठ दिवसांत कप त्यांच्याकडे गेला.

क्लबाची बैठक भरली.

"मी बारा पानं आणली होती," फेस्टी म्हणाला.

सगळ्यांनी मॅनसकडे पाहिलं.

"अकरा," मॅनस म्हणाला.

का म्हणाला? खरं बोलायचं तर पानाचं काय केलं तेही सांगावं लागलं असतं. आणि 'घरी जातो' म्हणणाऱ्याची त्या बोर्डिंगात अशी टर उडवत, विचारू नका. प्रत्येकाच्या मनात तेच असायचं ना, म्हणून. तेव्हा मॅनस एक शब्द बोलला आणि नंतर मूग गिळून बसला.

फेस्टीचं नाव पडलं 'बारावं पान'. "काय रे बाराव्या पाना, बेकनबरोबर तळून खाल्लंस का?" वर्षभर त्यानं ऐकून घेतलं, मग क्लबाची पायरी चढायचं सोडलं. एकेचाळीस वर्षं दोघं मिस्सेनंतर चर्चच्या दारात भेटत आणि हवापाण्याचं बोलून पांगत. मॅनस काही त्या नाताळला गेला नाही. ओव्हरटाइम निघाला. पुढच्या वर्षी लग्न, मग पोरं, मग घराचे हप्ते. गेला तो आईला मूठमाती द्यायलाच.

आता ही फाईल पुढ्यात, आणि त्याच आठवड्यात बहिणीचं, सॅबिनाचं पाकीट आलं. गावचं घर विकलं होतं. डब्लिनच्या कुणा दातांच्या डॉक्टरनं उन्हाळ्यापुरतं राहायला घेतलं. 'आईच्या खणात हे सापडलं,' सॅबिनानं लिहिलं होतं. 'दर नाताळला ती हे काढून चुलीवरच्या फळीवर उभं करायची. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही.'

मॅनसनं ते बारावं पान नाकाशी नेलं. धुराचा वास अजून होता. एकाहत्तर वर्षांचा बाप्या टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मग तोंड धुतलं, कोट चढवला आणि भर दुपारी फेस्टीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोण गेलं?" फेस्टीनं दार उघडताच विचारलं.

"कुणी नाही. हे वाच."

फेस्टीनं चष्मा शोधला, वाचलं, वरची तारीख पुन्हा वाचली. मग खिडकीशी गेला आणि जुन्या सवयीनं पान उजेडात धरलं. छाप होती.

"बारा," तो म्हणाला.

"बारा," मॅनस म्हणाला. "पुस्तकात छापतो, फेस्टी. माझ्या नावानिशी. मी तुझे पाय..."

"पायाला हात लावू नकोस, दोन्ही गुडघे नवे घातलेत." फेस्टी हे बोलला, पण हसला नाही. "एकेचाळीस वर्षं, मॅनस! माझी बायको नॅन गेली तेव्हा शवपेटी उचलायला चार माणसं भाड्यानं आणावी लागली मला. तुझ्या जिभेला हाड झालं होतं का रे?"

फेस्टीनं पत्र त्याच्यापुढं धरलं.

"आणि एवढं करून गेला का नाहीस?"

"जाणार होतो रे."

"मग जा आता. नाताळ पंधरा दिवसांवर आलाय."

"कुणाकडे? घर विकलं, फेस्टी. म्हणून तर पत्र परत आलं."

फेस्टी खुर्चीत बसला. त्यानं त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं.

"मीही लिहिलं होतं हे," तो म्हणाला. "दोनदा." मग त्यानं पान उलटं करून टेबलावर ठेवलं, पेन पुढं सरकवलं. "मागची बाजू कोरी आहे. बस, त्या फायनलची यादी लिही."

मॅनस लिहू लागला, गोलकीपरपासून. एकेक नाव झालं की कोण कुठं पुरला ते फेस्टी सांगत गेला. "कॉव्हेंट्री. कॉव्हेंट्री. लंडन. कॉव्हेंट्री." तेरा नावं झाली, एरिसचं नाव एकदाही आलं नाही. चौदावं फेस्टीचं, पंधरावं मॅनसचं. त्या दोन नावांपुढं फेस्टीनं गाव सांगितलं नाही.

शाई वाळल्यावर फेस्टीनं पान नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"पुस्तकात छापायला लागेल ते," मॅनस म्हणाला.

"त्या सेक्रेटरी पोरीला इथं पाठव. पान माझ्याकडेच राहील. तुझ्याजवळ कागद टिकत नाही."