ठकीची तयारी

आमच्या घरात मी सोडून सगळे कायम दमलेले असतात. बाबा मला रेडिओ म्हणतात. बेकरीतली रात्रपाळी करून घरी आले की उशी कानावर दाबतात आणि म्हणतात, "रेडिओ, आवाज कमी." पूर्वी मला राग यायचा. यंदा शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून येत नाही. रेडिओ म्हटल्यावर बोलणारच ना!

आमच्यात न बोलणारी एकच, ठकी. माझी धाकटी बहीण. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. चालायला उशिरा लागली आणि अजून चालते ती पायाखाली गादी असल्यासारखी. हसते मात्र अशी, की पंख्याकडे बघून हसली तरी पंख्याला बरं वाटावं.

तिच्यासाठी आम्ही किती उंबरे झिजवले! मुलांचे डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, वाट बघा. आत्या म्हणाली, "तुझा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघ, झोपेतसुद्धा भांडतो." म्हणून आम्ही वाट बघितली. ती बघून झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके दिवस काय करत होतात? कानवाल्यांनी कान उत्तम आहेत असं सांगून मेंदूवाल्यांकडे धाडलं. मेंदूवाल्यांनी एक पत्ता दिला. दर वेळी आई ड्रायक्लीनरच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढायची. दिवसभर उभ्यानं इस्त्री, मग उभ्यानं रांग. घरी आली की चपला न काढताच भिंतीला टेकून बसायची. मी विचारायची, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "पुढे जा म्हणाले."

तो पत्ता होता तीन वर्षांखालच्या मुलांच्या केंद्राचा. दारावर पाटी होती, शीघ्र हस्तक्षेप केंद्र. नाव शीघ्र, रांग कासवाची. ठकीसारख्या मुलांना तिथे खेळातून बघायला, धरायला, मागायला शिकवतात, आणि ते घरी कसं करायचं हे आईबापांनाही शिकवतात. हे जितकं लहानपणी सुरू होईल तितकं बरं. म्हणून तीन पूर्ण व्हायच्या आत नाव लागलं तरच घेतात. त्यानंतर मोठ्या मुलांचा विभाग, आणि तिथला नंबर लागेपर्यंत ठकीचे दुधाचे दात पडले असते.

आत घेण्याआधी तपासणी असते. पहिल्या तपासणीत ठकीनं लाकडी खुंटीवर रिंगा घातल्या, हाकेला मान वर केली, आणि तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "तशी ठीक वाटतेय. सहा महिन्यांनी परत दाखवा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर आईनं ठकीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "थोडक्यात हुकलं. तयारी कमी पडली."

आता ही तयारी काय ते सांगायला हवं. आईचं एक ठाम मत आहे : चांगल्या जागा चांगल्या मुलांना मिळतात. मला शाळेत घालताना तिनं माझ्याकडून रंग आणि फळं अशी घोकून घेतली होती, की मी झोपेत जांभळा-केळं-हिरवा करत होते. मला प्रवेश मिळाला. मग ठकीच्या वेळी ती वेगळं का करेल? "गबाळं पोर समोर नेलं तर म्हणतील, हिच्यावर कशाला वेळ घालवायचा? जागा मूठभर, पोरं ढीगभर." मला पटलं. बाबांनाही पटलं. केंद्रात नाव नोंदवायला गेली तेव्हाच आईनं काचेतून ती खुंटी बघून ठेवली होती, आणि तस्सा सेट घरी आणला होता.

पहिल्या तपासणीनंतर तर रोज संध्याकाळी शाळाच भरायला लागली. आईचे पाय सुजलेले, तरी जमिनीवर फतकल मारून बसायची. "ठके, घाल. घाल गं राणी." ठकीचा हात हातात धरून रिंग खुंटीवर. पुन्हा. पुन्हा. हात आपोआप जाईपर्यंत. शेवटी ठकी भोकाड पसरायची आणि आई तोंड फिरवून बसायची. हाकेचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे होतं. ठकीला मांडीवर घ्यायचं, आई "ठकी!" म्हणाली की गुडघा हळूच उचलायचा. गुडघा हलला की ती मान वर करते. बाबा कामावर निघताना म्हणायचे, "तंबू ठोका आता, सर्कस तयार आहे." पण पलंगाखाली गेलेल्या रिंगा काढायला तेच वाकायचे.

दुसरी तपासणी आली तेव्हा ठकीला तीन पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता. ही शेवटचीच.

केंद्राच्या बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. टोकाचं एक मूल झुलायला लागलं की सगळी रांग झुलते, आणि सगळ्या आया डोळे मिटून झुलतात. कुणी कुणाला काही म्हणत नाही. मी मात्र आईच्या कानाशी लागले होते. "आई, बघच तू. आज आपण पहिले येणार." आई म्हणाली, "तोंडाला जरा विसावा दे. आणि गुडघा वेळेवर हलव."

खोलीत मागच्या वेळच्याच ताई होत्या. गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, मोज्याला अंगठ्यापाशी भोक, आणि डोळ्यांखाली आईच्यासारखीच वर्तुळं. ठकीनं रिंगा घातल्या, खट खट खट. ताईंनी हाक मारली, मी गुडघा उचलला, ठकीनं मान वर केली. आईनं माझ्याकडे चोरून बघितलं, स्पर्धेच्या निकालाच्या वेळी बघतात तसं.

ताईंनी लिहिता लिहिता विचारलं, "घरी तहान लागली की काय करते?"

"मागते ना," आई म्हणाली.

"कशी?"

"अशी... येते, आणि मागते."

ताईंनी पेन कागदावर टेकवलं. ते आता काय लिहिणार ते मला दिसलं. ठीक वाटतेय. परत दाखवा. पण या वेळी परत कुठे दाखवणार? मागच्या वेळी शाबासकी मिळूनच तर आम्ही बाहेर पडलो होतो! एकदम माझ्या डोक्यात लख्ख पडलं, आणि मी स्टेजवर बोलते तशी खणखणीत बोलले.

"मागत नाही. तिला तहान लागायच्या आधीच आम्ही देतो."

"गप्प बस," आई म्हणाली.

"आणि हाक तिला कळत नाही, ताई. माझा गुडघा कळतो."

आईनं असं बघितलं, की पहिलं बक्षीस परत करावंसं वाटलं. ताईंनी ठकीला सतरंजीवर आणि मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. मग झाकण घट्ट लावलेली एक काचेची बरणी ठकीपुढे ठेवली. आत बिस्कीट. "आता कुणी काही बोलू नका, काही करू नका."

आम्ही काही केलं नाही. आमच्या घरात हे कधीच झालं नव्हतं. ठकीनं बरणीला हात लावला. बिस्कीट निघालं नाही. तिनं आईकडे बघितलं नाही, ताईंकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. थोडा वेळ काच चाटली आणि मग टेबलाच्या पायाचं चाक फिरवत बसली. बिस्कीट तिथेच. आईचा हात दोनदा पुढे गेला. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मला इतकं काही बोलावंसं वाटत होतं की जीभ दातांत धरली होती.

"येत नाही तिला," आई म्हणाली. "काही येत नाही. नुसत्या रिंगा येतात."

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" ताई जरा चिडल्याच. "सहा महिने गेले ना त्यात!"

"वाटलं, नापास झाली तर घेणार नाही."

ताईंनी पेन सोडून दिलं. ते दोरीला लोंबकळत राहिलं. "अहो बाई, इथे नापास होणाऱ्यांनाच घेतात."

आईला हसू आलं. आधी थोडंसं, मग थांबेचना, आणि त्यात कुठेतरी ते रडणं झालं. ताईंनी तिला पाणी दिलं आणि बरणी उघडून ठकीला बिस्कीट दिलं. म्हणाल्या, "माझंही चुकलं. हाक मारताना तुमच्या मोठीला उठवायला हवं होतं."

ठकीचं नाव लागलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी, घरातलं एक मोठं माणूस सोबत हवं. सकाळी म्हणजे आई इस्त्रीवर, मी शाळेत आणि बाबा नुकते रात्रपाळीहून आलेले. घरी हे सांगितल्यावर बाबा उशीकडे बघत राहिले. "झोप काय," ते म्हणाले, "मेल्यावर भरपूर आहे."

"शुभ बोल नाऱ्या," म्हणून आईनं त्यांच्यापुढे ताट सरकवलं. बाबांचं नाव नाऱ्या नाही.

ताईंनी पहिलाच गृहपाठ दिलाय. ठकीला हवी ती वस्तू दिसेल अशी धरायची, बोलायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. तिनं बघितलं, हात पुढे केला, नुसतं कण्हली तरी लगेच द्यायचं. काहीच नाही केलं तरी दहा झाल्यावर द्यायचं. छळायचं नाही. याला महिने लागतील, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

त्या संध्याकाळी मी पाण्याचा पेला धरून ठकीसमोर बसले. बाबा कामावर गेले होते. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि रिंगा जमिनीभर विखुरल्या होत्या. त्या घाल असं कुणी म्हणत नव्हतं. ठकी एक रिंग चावत होती.

पाचपर्यंत मोजलं नसेल, तोच आई म्हणाली, "दे गं, तहान लागली असेल."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"रेडिओनं मला गप्प बसवावं," आई पुटपुटली, "काय दिवस आलेत!" आणि तिनं डोळे मिटून घेतले.

सहा. सात. ठकी पंख्याकडे बघत होती. हात दुखायला लागला. आठ. नऊ. माझ्या पोटात वक्तृत्वाचं अख्खं भाषण उड्या मारत होतं.

दहा. मी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि अर्धं माझ्या फ्रॉकवर सांडलं.

आई बसल्या बसल्या झोपली होती. मी उठून पेला पुन्हा भरून आणला.